भिंतीवरचा फोटो घरीच छापायचा असेल तर : मोठ्या आकाराचा प्रिंटर निवडताना

फोटो स्टुडिओत ज्याला '१२ बाय १८' म्हणतात तो प्रिंट साध्या ए४ प्रिंटरवर निघत नाही, आणि बहुतेक हौशी छायाचित्रकारांचा मोठ्या प्रिंटरचा शोध नेमका या अडचणीपाशी सुरू होतो. ए४ कागद जेमतेम २१ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर काढलेला फोटो हातात धरून पाहायला बरा वाटतो, पण बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावला की हरवून जातो. त्यापुढची व्यवहार्य पायरी म्हणजे ए३+. हा कागद १३ बाय १९ इंचांचा, म्हणजे ३२९ बाय ४८३ मिलिमीटरचा असतो आणि त्यावर १२ बाय १८ चा फोटो चारही बाजूंना अर्धा इंच पांढरी कड सोडून नेमका बसतो. कॅमेऱ्यातून येणारे ३:२ प्रमाणाचे चित्र कुठेही न कापता सामावणारा हा आकार असल्यामुळे घरगुती फोटो प्रिंटरांत तोच रूढ झाला आहे. त्याच्या वर १७ इंच रुंदीचे, ए२ कागद घेणारे प्रिंटर येतात आणि त्याही वर २४ इंच किंवा अधिक रुंदीचे, स्वतःच्या स्टँडवर उभे राहून कागदाच्या गुंडाळीवर छापणारे. हे शेवटचे सामान्य घरात ठेवण्याजोगे नसतात, म्हणून त्यांचा विचार इथे केलेला नाही.

दुकानात किंवा मित्रमंडळींत पहिला प्रश्न विचारला जातो तो 'सगळ्यात चांगला प्रिंटर कोणता?' असा, आणि तिथेच वाट चुकते. आधी आपल्यालाच तीन गोष्टींची उत्तरे द्यावी लागतात : महिन्याला साधारण किती प्रिंट काढणार, ते कोणत्या कागदावर काढणार आणि काढल्यावर ते कुठे राहणार. ही उत्तरे प्रामाणिकपणे दिली तर बाजारातील निम्मी यंत्रे आपोआप बाद होतात. यातला 'महिन्याला किती' हा प्रश्न लोक सर्वांत कमी विचारतात, पण माझ्या मते तोच सर्वांत निर्णायक आहे. कारण इंकजेट प्रिंटर वापराने जितका खराब होतो त्याहून अधिक पडून राहिल्याने होतो.

असे का होते हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकवावे लागेल. इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात, त्यांना नोझल म्हणतात. प्रत्येक नोझलमधून शाईचे जे थेंब उडतात ते पिकोलिटरमध्ये मोजावे लागतात. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर, आणि फोटो प्रिंटरचा लहान थेंब दीड ते चार पिकोलिटरच्या घरातला असतो. हा थेंब उडवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत नोझलच्या मागे एक सूक्ष्म तापक असतो. तो क्षणार्धात शाईला उकळी आणतो आणि तयार झालेला बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, शाईची चिळकांडी उडाली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. दुसऱ्या पद्धतीत उष्णता नसते. विजेचा दाब दिला की आकार बदलणारा पिझो स्फटिक शाईला धक्का देतो. एप्सन ही पद्धत वापरते. छपाईच्या दर्जात या दोहोंमधला फरक घरच्या वापरात जाणवत नाही. फरक पडतो तो दुरुस्तीत : तापकाचे हेड बऱ्याच यंत्रांत काढून नवे बसवता येते, तर पिझो हेड बिघडले तर बहुधा सर्व्हिस सेंटरचा रस्ता धरावा लागतो आणि तिथले बिल पाहून नवा प्रिंटरच घ्यावा असे अनेकांना वाटते.

हेडपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे ती शाई. फोटो प्रिंटरची शाई दोन प्रकारची असते, डाय आणि पिगमेंट, आणि त्यांतला फरक स्वयंपाकघरातच समजावून घेता येतो. पाण्यात साखर ढवळली की ती विरघळून दिसेनाशी होते. हळद ढवळली तर पाणी पिवळे होते, पण हळदीचे कण कणच राहतात आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. डाय शाईतला रंग साखरेसारखा द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म घन कण तरंगत असतात. डाय शाई कागदाच्या थरात झिरपते आणि वरचा पृष्ठभाग तसाच चकचकीत राहतो, त्यामुळे ग्लॉसी कागदावर तिचे रंग अतिशय खुलून दिसतात. पिगमेंटचे कण मात्र कागदाच्या वरच्या थरावर बसतात. म्हणूनच ग्लॉसी कागदावर पिगमेंटचा प्रिंट तिरका धरून पाहिला तर कधीकधी शाई लागलेला भाग आणि कोरा भाग यांची चमक वेगळी भासते, काळ्या भागावर तांब्यासारखी झाक दिसते. हा दोष झाकण्यासाठी काही यंत्रांत शाईच्या बरोबरीने एक रंगहीन द्रवही फवारला जातो.

मग पिगमेंट घ्यायचीच कशासाठी? टिकाऊपणासाठी, आणि मॅट म्हणजे बिनचमकीच्या कागदासाठी. विरघळलेल्या रंगाचा एकेक रेणू उजेड आणि हवेतील वायू यांच्यासमोर एकटा सापडतो. घन कणाची मात्र वरची साल झडली तरी आतला रंग शाबूत राहतो. फोटो फिके पडण्याला केवळ ऊन कारणीभूत असते अशी आपली समजूत असते, पण २००० साली एका नामांकित कंपनीच्या नव्या फोटो प्रिंटरवर काढलेले प्रिंट काही ग्राहकांकडे थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले आणि त्यामागे हवेतला ओझोन असल्याचे निष्पन्न झाले; त्याने निळसर, म्हणजे सायन रंगाचा डाय खाऊन टाकला होता. तेव्हापासून डाय शाई पुष्कळ सुधारली आहे. चांगल्या कागदावर, काचेमागे आणि थेट ऊन न लागणाऱ्या भिंतीवर तिचा प्रिंट अनेक वर्षे उत्तम राहतो, आणि अल्बममध्ये तर त्याहून अधिक. परंतु प्रदर्शनात मांडायचा, विकायचा किंवा आजी-आजोबांच्या जुन्या फोटोवरून तयार करून पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा प्रिंट असेल तर कापसाच्या लगद्यापासून बनवलेला मॅट कागद आणि पिगमेंट शाई हीच जोडी योग्य. वेगाने जुने करून पाहण्याच्या चाचण्यांमध्ये या जोडीचे आयुष्य शंभर वर्षांच्या वर मोजले जाते. तशा कागदावर डाय शाई छापली तर काळा रंग राखाडी आणि मरगळलेला दिसतो, हे अनेकांच्या लक्षात महागडा कागद वाया गेल्यावर येते.

आता शायांच्या संख्येविषयी. चार रंगांत सगळे रंग निघतात हे खरे, मग सहा, आठ, दहा शाया कशासाठी? मुंबईत १८९४ मध्ये सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यात एकेका रंगासाठी वेगळा दगड कोरला जाई आणि गालावरची, साडीच्या सुरकुतीवरची हळुवार छटा साधण्यासाठी अशा दगडांची संख्या वाढवावी लागे. प्रिंटरची अडचण तीच आहे. फिकट आकाश किंवा गोऱ्या गालाचा उजळ भाग गडद सायन व मॅजेंटाच्या (किरमिजीच्या) विरळ ठिपक्यांनी छापला तर ते ठिपके डोळ्याला रवाळ दिसतात. फिकट सायन व फिकट मॅजेंटा अशा दोन शाया वाढवल्या की ठिपके दाट टाकता येतात आणि छटा सलग दिसते. सहा रंगांचा प्रिंटर म्हणजे हेच. त्यापुढे राखाडी शाया येतात, आणि कृष्णधवल छायाचित्रण करणाऱ्याने सगळ्यांत आधी त्याच मोजाव्यात. राखाडी शाई नसलेला प्रिंटर करडा रंग तीन-चार रंगांच्या मिश्रणातून बनवतो. ते मिश्रण जरासे ढळले तरी कृष्णधवल फोटोवर हिरवट किंवा गुलाबी झाक येते, आणि ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेला प्रिंट खिडकीशी नेल्यावर वेगळाच दिसतो. लाल, जांभळ्या अशा जादा शायांनी पैठणीचा गडद किंवा जास्वंदीचा भडक रंग थोडा अधिक खोल येतो. त्यांचा लाभ खरा आहे, पण राखाडीइतका नाही.

पिगमेंट यंत्रांत काळ्या शाया दोन असतात : ग्लॉसीसाठी फोटो ब्लॅक आणि मॅटसाठी मॅट ब्लॅक. काही जुन्या यंत्रांत दोघींसाठी वाट एकच असल्यामुळे कागद बदलला की आधीची काळी शाई धुऊन टाकावी लागे आणि प्रत्येक बदलात काही मिलिलिटर शाई गटारात जाई. जुना प्रिंटर घेताना याची चौकशी अवश्य करावी.

नावानिशी सांगायचे तर या विभागातील चार यंत्रांवरून निवडीची चौकट लक्षात येते. एप्सनचा एल१८०५० हा टाकीचा प्रिंटर आहे, त्यात डाय शाईच्या ७० मिलिलिटरच्या सहा बाटल्या ओतायच्या असतात. कॅननचा पिक्स्मा प्रो-२०० डायचाच, पण आठ रंगांचा, त्यात दोन राखाडी. त्याची कार्ट्रिज १२.६ मिलिलिटरची असतात. कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३०० आणि एप्सनचा शुअरकलर पी७०० हे पिगमेंटचे. पहिल्यात नऊ रंग व एक रंगहीन द्रव अशी १४.४ मिलिलिटरची दहा कार्ट्रिज, तर दुसऱ्यात २५ मिलिलिटरची दहा. हे सगळे १३ इंची. पी७०० चा १७ इंची भाऊ पी९०० हा ५० मिलिलिटरची कार्ट्रिज घेतो. मॉडेल बदलत राहतील, पण गुणाकार करण्याची सवय कायम उपयोगी पडेल : एल१८०५० चा पूर्ण संच ४२० मिलिलिटरचा, पी७०० चा २५० चा, प्रो-३०० चा १४४ चा आणि प्रो-२०० चा जेमतेम १०१ चा. संचाच्या किमतीला या आकड्याने भागले की मिलिलिटरचा भाव हाती येतो, आणि तो भाव एका यंत्रात दुसऱ्याच्या कित्येक पट निघू शकतो. प्रिंटरची किंमत ही एकदाच द्यायची असते; मिलिलिटरचा भाव मात्र यंत्र घरात असेपर्यंत चुकवावा लागतो. शिवाय नवा प्रिंटर पहिल्यांदा सुरू होताना बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते, त्यामुळे सोबत आलेला पहिला संच लवकर संपला म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

बाजारात स्वस्त 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या, शाईच्या बाटल्या सर्रास मिळतात. कागदपत्रे छापणाऱ्याला त्या परवडतील, फोटो छापणाऱ्याला बहुधा परवडत नाहीत. रंग मूळ शाईशी जुळत नाहीत, दोन बाटल्यांतही फरक पडतो आणि टिकाऊपणाची चाचणी कोणी केलेली नसते.

आता पडून राहण्याच्या प्रश्नाकडे येऊ. नोझलच्या तोंडाशी शाई हवेला उघडी पडली की सुकते, आणि पिगमेंट असेल तर सुकलेला कण सहज विरघळतही नाही. यालाच 'हेड चोक झाले' म्हणतात. ते सोडवण्यासाठी हेड क्लीनिंग चालवावे लागते, म्हणजे प्रिंटर जोर लावून शाई बाहेर ओढतो आणि ती आतल्या वेस्ट पॅडमध्ये किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये जिरवतो. महिन्यातून एकदा प्रिंट काढणाऱ्या माणसाची शाई कागदापेक्षा त्या डब्यातच अधिक जाते असे झाले तर नवल नाही. आठवड्यातून किमान एक छोटा रंगीत फोटो काढणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. दुसरी दक्षता आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड बाजूला जाऊन रबरी झाकणावर बसते आणि नोझल हवाबंद होतात. भिंतीवरचा स्विच बंद केला किंवा छपाई चालू असताना वीज गेली तर हेड उघडेच अडकून पडते. ज्या गावात भारनियमन आहे तिथे प्रिंटरला लहानसा यूपीएस जोडणे ही चैन नव्हे.

हवामानाचाही इथे संबंध येतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या उष्णतेत शाई भराभर सुकते, कूलर लावलेल्या खोलीत यंत्र थोडे सुखी असते. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये उलट त्रास : हेड सहसा चोक होत नाही, पण कागद ओल ओढून घेतो, कडा वर उचलल्या जातात, फिरते हेड त्या कडांना घासून काळे ओरखडे पाडते आणि डायचा प्रिंट बराच वेळ ओलसर राहतो. कागदाचे पाकीट उघडल्यावर ते सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवावे आणि लागेल तेवढेच ताव बाहेर काढावेत. प्रिंट काढल्यावर लगेच काचेच्या फ्रेममध्ये घालण्याची घाई तर कोणत्याच ऋतूत करू नये. शाईतले द्रव पुढे एक-दोन दिवस हळूहळू उडत राहतात आणि काचेच्या आतून धुके धरतात.

जाहिरातीतील '५७६० बाय १४४० डीपीआय' (इंचाला इतके ठिपके) या आकड्याने दिपून जाण्याचे कारण नाही. तो थेंब किती जवळजवळ टाकता येतात याचा आकडा आहे, आपल्या फोटोतील तपशिलाचा नव्हे. एका पिक्सेलची छटा साधायला प्रिंटरला अनेक थेंब लागतात. आपण पाहायचे ते एका इंचात फोटोचे किती पिक्सेल पडतात एवढेच. ३०० असले तर हातात धरून पाहायलाही उत्तम, २०० च्या वर असले तर भिंतीवर पुरेसे. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. १८ इंचांवर ते इंचाला ३३३ पडते. फोनच्या १२ मेगापिक्सेल चित्राची लांबी ४००० पिक्सेल, म्हणजे इंचाला २२२. तेव्हा बऱ्या उजेडात काढलेला फोनचा फोटोसुद्धा १२ बाय १८ मध्ये छापता येतो. फॉरवर्ड होत होत आलेला मात्र नाही, कारण वाटेत त्याचे पिक्सेल गळालेले असतात.

प्रिंट काळपट आला अशी तक्रार करणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचा प्रिंटर निर्दोष असतो. दोष असतो तो डोळे दिपवणाऱ्या मॉनिटरचा. दुकानातून येतो तसा पूर्ण उजळ ठेवलेला पडदा आणि उजेड परावर्तित करून दिसणारा कागद यांची बरोबरी होऊ शकत नाही. पडद्याचा उजळपणा १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास उतरवला की तक्रार निम्मी होते. उरलेली निम्मी प्रोफाइलने सुटते. प्रोफाइल म्हणजे अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद एकत्र आले की कोणता रंग कसा उमटतो याचा मोजून तयार केलेला तक्ता. चांगल्या कागदाच्या कंपन्या प्रचलित प्रिंटरांसाठी असे तक्ते मोफत देतात, आणि एखादे यंत्र घेण्याआधी आपल्याला हव्या त्या कागदाची प्रोफाइल त्याच्यासाठी मिळते का हे पाहणे शहाणपणाचे ठरते. रंगांची जबाबदारी एकतर संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे द्यावी किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे. दोघांनीही तीच दुरुस्ती केली की चेहरे गुलाबी पडतात, आणि नवशिक्याचा पहिला प्रिंट हमखास असाच बाहेर येतो.

जागेचा विचार टेप घेऊन करावा. १३ इंची प्रिंटरला स्वतःची बैठक लागते ती लागतेच, पण समोर १९ इंच लांबीचा कागद बाहेर यायला आणि जाड कागद सरळ वाटेने घालताना मागे तो डोकवायलाही मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या टेबलावर पुष्कळदा ही पंचाईत होते. १७ इंची यंत्रांत कॅननचा प्रो-१००० सुमारे ३२ किलोचा आहे, तो दोघांनी उचलायचा आणि एकदा ठेवला की हलवायचा नाही असा प्रकार.

जुना प्रिंटर घेणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. एप्सनचा एल१८०० हा सहा रंगांचा ए३+ प्रिंटर भारतात अतिशय लोकप्रिय होता, पण कॉफीचे मग आणि टी-शर्ट यांवर छापणाऱ्यांनी त्यांतल्या असंख्य यंत्रांत सब्लिमेशनची किंवा डीटीएफची, म्हणजे उष्णतेने वस्तूवर उतरवायची, शाई भरली. अशा यंत्राच्या नळ्यांत ती शाई मुरलेली असते आणि फोटोसाठी ते जवळपास निरुपयोगी ठरते. समोर नोझल चेक, म्हणजे सगळ्या नोझलमधून शाई येते का हे दाखवणारा रेषांचा नमुना, काढून दाखवायला सांगावे, एखादी रेषा तुटलेली दिसली तरी निघून यावे.

एवढे सगळे पाहिल्यावर हिशेब बऱ्यापैकी सरळ होतो. घरातल्या समारंभांचे, सहलींचे भरपूर रंगीत फोटो ग्लॉसी किंवा लस्टर (मंद चमकेच्या) कागदावर काढायचे असतील आणि अल्बममध्ये राहणार असतील, तर टाकीचा सहा रंगी डाय प्रिंटर घ्यावा. कृष्णधवल आवडते पण कागद चकचकीतच हवा असेल, तर दोन राखाडी शाया असलेला डायचा. मॅट आणि कापसाच्या कागदावर, विकण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी, आणि आठवड्याला नियमाने छापण्याची तयारी असेल तरच पिगमेंटचा. १७ इंची यंत्र मी फक्त त्यालाच सुचवेन ज्याने १३ इंचीवर वर्षभर काम केले आहे आणि ज्याला आकार अपुरा पडतो हे सिद्ध झाले आहे. मात्र मोठ्या कार्ट्रिजमुळे मिलिलिटरचा भाव उतरतो, म्हणून सतत छापणाऱ्याला ते उलट स्वस्तही पडू शकते. वर्षाकाठी दहा-पंधराच प्रिंट लागणार असतील तर पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत चांगल्या लॅब आहेत. तिथे पेन ड्राइव्ह घेऊन जावे आणि प्रिंटरचे पैसे लेन्सला लावावेत.

पैसे मोजण्याआधी दुकानात किंवा कंपनीच्या दालनात स्वतःचाच फोटो छापून मागावा, त्यांचा नमुन्याचा पोपट नव्हे. त्यात माणसाचा चेहरा असावा, करड्या भिंतीचा सलग भाग असावा आणि सावलीतली गडद साडी किंवा काळे केस असावेत. त्वचा, राखाडी आणि सावलीतला तपशील या तीन ठिकाणीच प्रिंटर उघडे पडतात. तो प्रिंट घरी आणून एक रात्र सुकू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, फोटो जिथे लागणार आहे त्याच भिंतीशी धरून पाहावा.